खिडकीतून टाकलेली चावी

"कुणाची हाय ही चावी? आरं, बोला की! एसटीत कुणी मोटार लावून गेलंय का?"

कंडक्टर चावी डोक्यावर नाचवत ओरडत होता आणि तेर गावच्या स्टँडवर उभी असलेली अख्खी गाडी हसत होती. चावी माझी होती. जागा धरायला मीच ती खिडकीतून फेकली होती. लोक रुमाल टाकतात, टॉवेल टाकतात, एकानं तर माझ्यादेखत मेथीची जुडी टाकली. माझा हात मात्र खिशात गेला, तो वीस वर्षांच्या सवयीनं मोटारीच्या चावीवरच. पण नेम बघा! दाराला अर्धा तालुका लोंबकळत असताना चावी थेट ड्रायव्हरच्या मागं, खिडकीच्या सीटवर जाऊन बसली. एसटीचा पहिला दिवस आणि पहिल्याच फेकीत खिडकी!

"माझी," असं म्हणून मी ऐटीत बसलो.

"मोटार असून एसटीत?" शेजारची म्हातारी म्हणाली. "बिघडली का रं बाबा?"

"न्हाय मावशी. आता बायको चालवती."

हे मी मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. बायको शिक्षिका. तिची बदली झाली ती अशा आडवळणाच्या वस्तीवर, जिथं एकच एसटी जाते, तीही संध्याकाळी मुक्कामाला. मग मी ठरवलं, मोटार तिची, एसटी माझी. ठरवलं तिनंच, मी मान डोलावली, पण गावात मी माझंच नाव सांगत होतो. दोन महिन्यांत ती गाडी शिकली. सुरुवातीला तर ती निघाली की आमच्या गल्लीतल्या म्हशीसुद्धा ओट्यावर चढून उभ्या राहायच्या. आज तिचा नव्या शाळेतला पहिला दिवस होता. दहाच्या ठोक्याला हजर व्हायचं होतं.

"मग तिची चावी तुझ्यापाशी कशी?" म्हातारीनं विचारलं.

तोवर गाडी गावाबाहेर पडली होती. माझ्या अंगाला असा घाम सुटला, की तेरणा नदीला पूर यावा. फोन लावला. नुसती रिंग. तेरा वेळा लावला, तेरा वेळा रिंग. दाराशी पर्स घेऊन उभी राहिलेली ती मला दिसायला लागली.

"थांबवा गाडी!" मी बोंब ठोकली.

ड्रायव्हरनं ब्रेक मारला. सगळ्या गाडीनं माझा संसार ताब्यात घेतला. कुणी म्हणे उतरून पळा, कुणी म्हणे गाडी मागं घ्या. ड्रायव्हरनं एवढंच सांगितलं, "समोरून तेरला जाणारी गाडी येईल आता. तिच्यात दिऊ."

आणि आली की! दोन्ही एसट्या भर रस्त्यात खिडकीला खिडकी लावून उभ्या राहिल्या. चावी माझ्या हातातून म्हातारीच्या, म्हातारीकडून कंडक्टरच्या, तिथून ड्रायव्हरच्या आणि मग पलीकडच्या ड्रायव्हरच्या हातात गेली. "स्टँडवर ठिवा, मॅडम येत्याल न्यायला!" शे-सव्वाशे माणसं माझ्या चावीसाठी खोळंबली होती. एवढा मान मंत्र्याच्या ताफ्यालाही मिळत नसेल. मी बायकोला मेसेज टाकला, 'चावी स्टँडवर आहे. लवकर जा.'

ऑफिसात ही हकीकत मी सगळ्यांना सांगितली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन एसट्यांच्या पाच झाल्या होत्या. दुपारी पुन्हा फोन लावला, तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. रागानं बंद केला असणार.

संध्याकाळी तेरला उतरलो, तर कंट्रोलरनं चावी माझ्याच हातात ठेवली. "न्यायला कुणीच आलं न्हाय, साहेब."

म्हणजे पहिल्याच दिवशी तिचा खाडा, आणि तोही माझ्यामुळं! चावी खिशात टाकून मी घराकडं निघालो.

मोटार दारातच होती. पण चाकांना वस्तीवरची काळी माती लागलेली. आणि उलटी घेऊन लिंबाखाली अशी सरळ लावलेली, की दोरी धरावी. मला वीस वर्षांत ते जमलं नव्हतं. कुठं एक ओरखडा नाही! छाती अशी फुगली, की दारातून आडवं होऊन आत जावं लागलं.

ती पालेभाजी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, पाचही एसट्यांसकट.

तिनं मान वर केली नाही.

"दुसरी चावी माझ्या पर्समध्ये असती," ती म्हणाली. "आन् गाडी चालवताना मी फोन उचलत न्हाय."