तुळयांवरचा मैदा

मोठ्या मामांबद्दल चहाच्या टपरीवर एकच गोष्ट चालते: गिरणीचा हा मुकादम भावाची विडी पोटात ठेवून बसलाय. सांगताना टपरीवाल्याचा आवाज खाली जातो आणि भुवया वर. "भावानं ओढली, गिरणी उडाली! घरची अब्रू हो, बोलणार कसा?"

खरं म्हणजे धाकट्या मामांनी विडी कधीच सोडली होती. मोठे मामा गप्प होते ते स्वतःसाठी.

त्या दिवशी मालकाचे पाहुणे यायचे होते. फरशी आरशासारखी, पण तुळयांवर वर्षानुवर्षांचा मैदा. पुसायला वेळ कुणाला? "हवेचा पाइप घे, उडव सगळं," मामा खालून ओरडले.

शिडीवरून धाकटा म्हणाला, "दादा, पाहुण्यांना पांढरं करूनच पाठवायचं ठरलंय वाटतं!"

सगळे हसले. मामासुद्धा. त्या पांढऱ्या धुक्यात गिरणीच्या मोटारीची ठिणगी पडली. पहिला भडका लहानच, पण त्याच्या हादऱ्यानं वरच्या मजल्यावरच्या तुळयांवरचा मैदाही झडून हवेत उडाला, आणि दुसऱ्या भडक्यानं छप्पर नेलं. मोठे मामा दाराशी होते, म्हणून वाचले; धाकटे शिडीवरच गेले.

धाकट्या मामी मात्र नळावर रोज टोमणे खायच्या. नवऱ्याचा फोटो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मोठे मामा जेवायला त्यांच्याकडेच जायचे, आणि जेवताना तो समोरच दिसायचा. शेवटी एक दिवस मला सोबत घेऊन ते मामींकडे गेले.

"विडी नव्हती," उंबऱ्यातच उभं राहून ते म्हणाले. "मैदा पेटला."

"मैदा? रोज मळते मी, भाऊजी. कुठे पेटतो?"

"ढिगात नाही पेटत. वरचा थर काळा पडतो, आत हवा पोचत नाही, विझतो. उडवला की कण न् कण सुटा, प्रत्येकाभोवती त्याची त्याची हवा. एकानं शेजारच्याला पेटवायचं, त्यानं पुढच्याला. पापणी लवेपर्यंत सगळा जाळ." मामांनी पाठमोऱ्या फोटोकडे बोट केलं. "उडव म्हणून मीच सांगितलं."

मामींनी फोटो सरळ केला. पदरानं पुसला.

"मी ह्यांना शिव्या घालत होते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही इथे बसून जेवत होतात."

दार लागलं.

येताना वाटेत मी पैज लावली होती: मामी रडतील, पण माफ करतील. "नाही करणार," मामा म्हणाले होते. हरणाऱ्यानं टपरीवर जाऊन सगळं सांगायचं, आणि मी हरले तर मामांच्याच आवाजात, "उडव म्हणून मीच सांगितलं" असं.

परत फिरताना ते एवढंच म्हणाले, "चल. टपरी उघडी असेल."