फाटकाजवळचं बेट

बांबू संशोधन केंद्रातल्या मदतनिसाला सगळे टेपकाका म्हणत. खिशात टेप, कानावर पेन्सिल, या थाटात त्यांनी एकतीस वर्षं काढली. रोज सकाळी नवे कोंब मोजायचे आणि वहीत लिहायचं. एखादा कोंब एका दिवसात हातभर वाढला की घरी जाऊन कौतुक सांगायचे.

"बांबूची उंची तोंडपाठ," बायको म्हणायची. "माझा वाढदिवस विचारला की मात्र छताकडे बघता."

फाटकाजवळच्या बांबूच्या बेटावर त्यांचा विशेष जीव. त्या जातीचं केंद्रात तेवढं एकच होतं. काकांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्याला एकही कोंब फुटला नाही. पानं पिवळी पडली. मग एके सकाळी शेंड्याला ओंबीसारखं काहीतरी लोंबताना दिसलं आणि काका केंद्रातल्या शास्त्रज्ञ बाईंना बोलवायला धावले.

बाई वयाने त्यांच्या मुलीसारख्या. त्यांनी मान वर करून शेंडा निरखला.

"काका, फुलोरा आलाय. ही जात एकदाच फुलते आणि मग..."

"ठाऊक आहे, बाई. पण फांदी कापून लावली तर?"

"तिचंही वय तेवढंच. तीही फुलेल आणि वाळेल. आता सगळी भिस्त बियांवर."

त्या बियांवर उंदीर आणि पाखरं टपलेलीच होती. काकांनी घरी हे सांगितलं, तर बायकोने पलंगावरची मच्छरदाणी सोडून घडी घातली. "चार दिवस डास चावले तर मरत नाही आपण," म्हणाली. दुसऱ्या दिवशी काका फांद्यांना जाळी बांधत होते आणि खाली शिडी धरून ती उभी होती.

बी सूपभर निघालं, पण बहुतेक पोचट. भरलेले दाणे फक्त सेहेचाळीस. निम्मे बाईंनी प्रयोगशाळेत काचेच्या बशांत ठेवले, निम्मे काकांनी मातीच्या ट्रेमध्ये. आठवड्यात बशांना बुरशी लागली. बाई टेबलाशी मान खाली घालून बसल्या. काकांनी समोर चहा ठेवला.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पाणी घालघालून सगळे वाफे कुजवले होते," ते म्हणाले. "साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, पाणी किती घालायचं नाही, ते तर कळलं."

बाईंना रडता रडता हसू आलं.

अठराव्या दिवशी काकांच्या ट्रेमध्ये सुईएवढी हिरवी टोकं दिसली. मोजली, नऊ होती.

पुढे बेट वाळलं, ते तोडलं. काठ्या भार सोसण्याच्या चाचणीला गेल्या. काका त्या दिवशी जेवले नाहीत, आणि बायकोनेही आग्रह केला नाही.

निवृत्तीनंतरही दर गुरुवारी काका केंद्रात जातात. मोतीबिंदूमुळे आकडे दिसत नाहीत, म्हणून बायको बरोबर असते. ती वाकून टेप वाचते आणि वहीत लिहिते.

"नीट लिही, बाईंना वाचता आलं पाहिजे."

"तुमच्यापेक्षा बरं आहे माझं अक्षर."

नऊपैकी सात रोपं जगली. त्यातलं सगळ्यात उंच आता तिच्या गुडघ्याला लागतं.