हद्दीबाहेरची सभासद

घरातली थोरली सून पुस्तकं बांधायची. फाटलेलं पुस्तक उसवायचं, पानं जुळवायची, पुन्हा शिवायचं आणि नवा पुठ्ठा चढवून द्यायचं. काम मूळचं तिच्या वडिलांचं. त्यांना मुलगा नव्हता आणि मुलीच्या हाताला शिवण बरी होती, म्हणून दाभण तिच्याकडे आलं. लग्न झाल्यावर पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजाही तिच्यामागोमाग सासरी आला. "सून आली ती सुताराचं सामान घेऊन," असं सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण शहराच्या वाचनालयाचं काम नेमाने येऊ लागलं तशी सासूच लोकांना दारातून आत बोलावून सुनेचं काम दाखवू लागली.

वडिलांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. बांधणाऱ्याने पुस्तक वाचायचं नाही, फक्त पानं मोजायची. थोरलीने त्यांचं बाकी सगळं ऐकलं, एवढं काही ऐकलं नाही. खळ वाळेपर्यंत माणसाने करायचं तरी काय? सातवीत शाळा सुटलेली बाई, पण बावीस वर्षांत तिने वाचनालयाची दोन कपाटं तरी पालथी घातली असतील. सगळी फाटकी, ही एवढीच खोट. एखाद्या कादंबरीची पहिली वीस पानं नाहीत, एखादीचा शेवटच गायब. नवं कोरं पुस्तक कधी तिच्या हाताला लागलंच नाही. फाटल्याशिवाय कोण तिच्याकडे पाठवणार?

शेवट नसला की थोरली स्वतः लावायची. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती गोष्ट सांगायची आणि सगळं घर ऐकायचं. नवरा फिटर, कामावरून दमून यायचा, तोही पाय पसरून ऐकत बसायचा. धाकटा दीर तर "वहिनी, पुढे?" म्हणून मागे लागायचा. आणि सगळ्यांत जवळ सरकून बसायची ती धाकटी, दिराची बायको. घरात सगळे त्यांना थोरली आणि धाकटी असंच म्हणायचे. आठ वर्षं दोघी जावा एका चुलीवर नांदल्या आणि भांड्याला भांडं फारसं लागलं नाही.

मग दिराने रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर घर घेतलं. अंतर म्हणाल तर खिडकीतून हाक मारली तर ऐकू जावी एवढं. पण नगरपालिकेची हद्द नेमकी त्या रस्त्याच्या मधोमध होती. पलीकडे शहर, अलीकडे शहराबाहेर. पलीकडे नळाला दोन्ही वेळा पाणी यायचं, रस्त्यावर सलग दिवे होते, इमारतीला लिफ्ट होती. थोरलीने हे सगळं गिळलं. ज्याचं त्याचं नशीब, असं ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा, आणि म्हणताना तिला तसंच वाटतही होतं.

एका दुपारी धाकटी आली ती पर्समधून निळं कार्ड काढतच.

"ताई, बघा. वाचनालयाचं. दहा मिनिटांत झालं हो. लाइटबिल दाखवलं, फोटो दिला, झालं. रहिवाशांना फुकट आहे. एका वेळी चार पुस्तकं."

थोरली पुठ्ठ्याला खळ लावत होती. "छान झालं," ती म्हणाली आणि खळ पुठ्ठ्याच्या भलत्याच बाजूला लावून बसली.

लिफ्टने जे केलं नव्हतं ते त्या निळ्या कार्डाने केलं. ते थोरलीला गिळवेना. बारा वर्षांपूर्वी तिने एकदा कार्डाची चौकशी केली होती. तेव्हाचा म्हातारा कारकून हसून म्हणाला होता, "बाई, तुम्हाला कार्ड कशाला? पुस्तकं तर तुमच्याच घरी असतात." तीही हसली होती आणि गाठोडं उचलून घरी आली होती. आता हिने उठावं, विजेचं बिल पुढे करावं आणि सभासद व्हावं.

चार दिवस मिरवेल आणि कार्ड कपाटात पडेल, अशी तिने मनाची समजूत घातली. धाकटीने पहिलं पुस्तक विणकामाचं आणलं तेव्हा तर तिला हायसं वाटलं. पण पुढच्या आठवड्यात धाकटी हातभर जाडीची कादंबरी घेऊन जाताना दिसली, आणि पाचव्या दिवशी ती बदलून दुसरी.

मग एकदा ती शिकंज्याजवळ स्टुलावर बसली आणि सहज म्हणाली, "ताई, ती घड्याळजीबरोबर निघून गेलेल्या बाईची गोष्ट आठवते? ती कादंबरी मिळाली मला, अख्खी. पण तुम्ही सांगितला होता तसा शेवट नाहीये हो त्यात. ती परत येतच नाही. नुसतं पत्र पाठवते."

"असं होय?"

"मला तर नवऱ्याने दार उघडलं तेच आवडलं होतं. बरेच दिवस मनात होतं माझ्या. आणि पुस्तकात बघते तर दारच नाही."

धाकटीच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, पण थोरलीच्या कानशिलांना मिरची लागल्यागत झालं. भर बाजारात कुणी आपल्या लुगड्याचं ठिगळ बोट लावून दाखवावं तसं. त्या रात्री जेवताना नवऱ्याने "धाकटी बरंच वाचते म्हणे हल्ली, भाऊ सांगत होता," असं म्हटलं, तर थोरलीने पातेल्यावर झाकण असं आदळलं की त्याने ताटात मान घातली.

त्याच सुमारास वाचनालयाकडून आलेल्या गठ्ठ्यात एका कादंबरीचा दुसरा भाग आला. जहाजं बांधणाऱ्या एका घराण्याची गोष्ट. पहिल्या भागाच्या शेवटी अर्धं बांधून झालेलं जहाज कुणीतरी पेटवून दिलेलं, आणि कुणी ते दुसऱ्या भागात कळणार. पुठ्ठ्यात एक चिठ्ठी खोचलेली होती, 'राखीव'. खाली धाकटीचं नाव आणि कार्डाचा नंबर.

थोरलीने चिठ्ठी दोनदा वाचली. मग पुस्तक गठ्ठ्याच्या अगदी तळाशी घातलं.

पंधरा दिवसांनी ती तयार पुस्तकं परत द्यायला गेली, तेव्हा काउंटरवरच्या कारकुनाने विचारलं. हा नवा होता, चष्मा कपाळावर चढवून बोलायचा.

"बाई, तो जहाजवाला भाग आला नाही?"

"हवा दमट आहे. खळ वाळत नाहीये."

हवा खडखडीत कोरडी होती. कारकुनाने खिडकीबाहेर पाहिलं. थोरली बाहेर आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण कामात खोटं बोललो, हे तिला जिने उतरताना जाणवलं. तरी पुस्तक तळाशीच राहिलं. उलट रोज दुपारी ते वर काढून ती वाचू लागली. पहिला भाग तिने पूर्वी कधीतरी बांधला होता, त्यामुळे माणसं ओळखीची होती. जहाज कुणी पेटवलं याबद्दल तिचा संशय आधीपासून घराण्याच्या धाकट्या सुनेवर होता. प्रत्येक प्रकरणात तो पक्का होत गेला. शेवटच्या प्रकरणात म्हातारा आजा सगळ्यांना अंगणात बोलावतो, "आता ऐका," म्हणतो, आणि तिथे पान संपलं. पुढची सोळा पानं नव्हती. एकत्र शिवलेला तो अख्खा फर्मा निखळून गेला होता.

अशा अर्धवट गोष्टी तिने आजवर पन्नास तरी पाहिल्या होत्या. या वेळी मात्र स्वतःचा शेवट लावायला मन धजेना. आपण लावू, उद्या धाकटी खरा वाचून येईल आणि स्टुलावर बसून सहज सांगेल.

ती वाचनालयात गेली आणि कारकुनाला विचारलं, या भागाची दुसरी प्रत आहे का.

"स्टेशनजवळच्या शाखेत आहे. मागवता येईल. कार्ड आहे ना तुमचं?"

"नाही."

"करून टाका की. लाइटबिल आणा."

थोरलीने पत्ता सांगितला. कारकुनाने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"अहो, हे हद्दीबाहेर झालं. मग बिगर-रहिवासी सभासद व्हावं लागेल. वर्षाची वर्गणी, आणि फॉर्मवर शहरातल्या एका सभासदाची सही. तुम्ही पुस्तक बुडवलंत तर तो जबाबदार."

"मी? बावीस वर्षं तुमची पुस्तकं घरी नेतेय मी. एक पान इकडचं तिकडे झालं नाही."

"मला माहीत आहे बाई. पण फॉर्मला माहीत नाही."

थोरली फॉर्म घडी करून घेऊन आली. धाकटीकडे जायचं नाही, हे तिने वाटेतच ठरवलं. शहरात ओळखी काय कमी होत्या? ती पहिल्यांदा कागदाच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्याच्या दुकानात छतापर्यंत कागद, पण वाचनालयाचं कार्ड नव्हतं. "छापलेला कागद मला चालत नाही," तो म्हणाला. नवऱ्याच्या साहेबांचं कार्ड होतं, ते सहा वर्षांपूर्वी बाद झालेलं. शाळेत बरोबर असलेली एक मैत्रीण आता मुख्याध्यापिका झाली होती, तिने तर हात जोडले. म्हणाली, दिवसभर पोरांची अक्षरं वाचून डोळे जातात, वर आणि पुस्तकं कुठे. शहरात राहणाऱ्या सगळ्यांना फुकट मिळत होतं आणि एकाही शहाण्याने घेतलं नव्हतं. घेतलं होतं ते एकटीने.

फॉर्म चार दिवस ट्रंकेवर पडून होता. पाचव्या दिवशी थोरलीने जहाजाचं पुस्तक बांधून पुरं केलं, पिशवीत घातलं आणि रस्ता ओलांडला. लिफ्ट होती तरी ती जिन्याने चढली.

धाकटीने दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकला. टेबलावर चार पुस्तकं एकावर एक होती, सगळ्यांत वरचं कोरं. थोरलीने ते नुसतं हातात घेऊन पाहिलं. कणा अजून ताठ होता, उघडताना कुरकुरला.

"सही हवी होती तुझी," ती म्हणाली आणि फॉर्म पुढे केला.

धाकटीने वाचला. "हमीदार? म्हणजे मी तुमची हमी द्यायची?" तिला हसू आलं. मग थोरलीचा चेहरा पाहून ते तिने आवरलं. "ताई, जहाजाचं पुस्तक तुमच्याकडे आहे ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कारकून म्हणाला, तीन आठवडे झाले. मला वाटलं तुम्ही वाचत असाल. होऊ दे त्यांचं वाचून, म्हटलं."

आता मात्र थोरलीला सोसवेना. कार्ड हिचं, कोरी पुस्तकं हिची, आणि वर मनाचा मोठेपणाही हिचाच?

"वाचत नव्हते," ती म्हणाली. "म्हणजे नंतर वाचलं. आधी दाबून ठेवलं होतं. तुला मिळू नये म्हणून."

चहा उतू जायला आला तेव्हा धाकटी उठून गॅस बंद करून आली.

"तुम्हाला काय कमी होतं हो माझ्यापेक्षा?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण नेहमीचाही नव्हता. "तिकडे होते तेव्हा तुम्ही बोलायला लागलात की सगळं घर ऐकायचं. मी इथे वाचलेलं सांगायला जाते तर हे टीव्हीचा आवाज वाढवतात. 'वहिनीसारखं नाही जमत तुला,' म्हणतात. म्हणून तर कार्ड काढलं मी. बघू तरी म्हटलं, ही बाई आणते कुठून एवढं. आणि बघते तर निम्मं पुस्तकात नाहीच. तुमचंच."

"म्हणून येऊन सांगितलंस, दार नाहीये म्हणून."

"हो," धाकटी म्हणाली. "थोडं त्यासाठीही."

दोघींनी चहा घेतला. थोरलीने पिशवीतलं जहाजाचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि शेवटची सोळा पानं नाहीत, असं सांगितलं. मग धाकटीने फॉर्मवर सही केली, पेन दाबून, मोठ्या अक्षरात.

थोरलीचं कार्ड पिवळं निघालं. एका वेळी दोन पुस्तकं, आणि शाखेतून पुस्तक मागवायची सोय फक्त निळ्या कार्डाला. कारकुनाने हे सांगितलं तेव्हा तिने कार्ड पिशवीत टाकलं. ज्या सोळा पानांसाठी एवढा खटाटोप केला ती शेवटी धाकटीनेच मागवली, आणि आधी तिनेच वाचली. चार दिवस थोरली खिडकीतून चौथ्या मजल्याकडे पाहत होती. मध्ये एकदा भाजी घेताना धाकटी भेटली.

"सांगू का, कुणी पेटवलं?"

"खबरदार," थोरली म्हणाली.

पुस्तक हातात आलं तेव्हा तिने चूल विझवली आणि दारातच बसून ती सोळा पानं वाचली. जहाज धाकट्या सुनेने पेटवलं नव्हतं. म्हाताऱ्या आज्यानेच पेटवलं होतं, स्वतःच्या हाताने, आणि का ते त्याने अंगणात दोन वाक्यांत सांगितलं. थोरलीने मागची प्रकरणं पुन्हा उलटून पाहिली. सगळं आधीपासून समोर होतं आणि तिच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. धाकटीचा राग आता राग म्हणावा एवढा उरला नव्हता. तिला त्या लिहिणाऱ्याचा हेवा वाटत होता. कुठला कोण माणूस, बसल्या जागी सुचलं त्याला.

त्यानंतरच्या रविवारी सगळे थोरलीकडे जमले. दिराने सवयीने विचारलं, "वहिनी, नवीन काय?" थोरलीने जहाजाची गोष्ट काढली. अर्ध्यावर आली तोच धाकटी मध्ये बोलली, "नाही ताई, ते वादळ आधी येतं, मग लग्न."

"लग्न आधी," थोरली म्हणाली. "मी शिवलंय ते पुस्तक. पानं मोजलीत मी."

"आणि मी वाचलंय, दोनदा."

फिटर आणि त्याचा भाऊ थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे पाहत राहिले. मग दोघेही उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत वादळ आणि लग्न यांतलं आधी काय, याचा निकाल काही लागत नव्हता.