मळभ असेल तर नको

वहिनी गेल्याची तार जयपूरहून आली, त्याला आता दीड महिना होईल. कशा होत्या, असं भेटायला येणारे विचारतात. शांत होत्या, म्हणते मी. ते खरं नाही...

कॉलेजसाठी मी जयपूरला दादाच्या बनी पार्कातल्या घरी राहायला गेले, तेव्हा साताऱ्याच्या या वहिनी दिवसभर बोलत असायच्या. मला 'वन्सं' म्हणायच्या आणि लगेच वेणीही ओढायच्या. त्यांना दमा होता. दादा डॉक्टर, ढगाळ हवा दम्याला वाईट, हे त्याचं ठाम मत. म्हणून घरात नियमच झाला, मळभ असेल तर वहिनींनी बाहेर पडायचं नाही. आपल्याकडे मळभ म्हणजे वाळवणं आत घ्या, डोकं जड. जयपुरात उलटं. उन्हानं भाजलेलं ते गाव ढग दिसले की घराबाहेर पडायचं. बायकांची गोठ ठरायची, म्हणजे बागेत जाऊन दाल-बाटी रांधायची, झोके घ्यायचे. शेजारच्या भाभी दारातून हाक मारायच्या, "चलिए भाभीजी, मौसम तो देखिए." वहिनी नुसत्या हसायच्या. उन्हात कोणी निघत नसे, ढगांत यांना बंदी. त्यांनी जायचं तरी कधी?

एका श्रावणात त्यांनी दादाकडून कसंबसं कबूल करवून घेतलं, मळभ अगदी पातळ असलं तर जायचं. सकाळीच साडी नेसून, डबा भरून तयार. दाढी करता करता दादा मला म्हणाला, "बघून ये गं, कितपत आहे." मी गच्चीवर गेले. पिंजलेल्या कापसासारखे ढग, मधून ऊन. पण वहिनी गेल्या तर त्यांच्या लहानग्या बाळूला मी सांभाळायचं, आणि माझं मैत्रिणींबरोबर सिनेमाचं ठरलेलं. खाली येऊन म्हणाले, "चांगलंच दाटलंय."

वहिनींनी खिडकीतून वर पाहिलं, मग माझ्याकडे. "वन्सं सांगतायत तर असेल." डबा त्यांनी आम्हालाच वाढला. दुपारी मी त्याच आभाळाखाली सिनेमाला गेले. हे दादाला मी कधी सांगितलं नाही.

भाभी पुढे एक-दोनदा आल्या, मग बोलवेनाशा झाल्या. वहिनींचं बोलणंही हळूहळू आटत गेलं.

गेल्या मे महिन्यात मी जयपूरला गेले होते. इतक्या वर्षांत दादा आपला नियम केव्हाच विसरला होता. "हिला जरा फिरवून आण," म्हणाला. बाहेर लख्ख ऊन, नुकतं कलायला लागलेलं. मी वहिनींच्या चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"आज नको, वन्सं. मळभ आहे."

मी चपला उचलून जागेवर ठेवल्या.