सिनेमाचं फिटिंग

सिनेमा कसा होता, हे सिकंदरला मला कधी विचारावंच लागलं नाही. मध्यंतरात समोशाचा पहिला घास तोंडात जायच्या आत त्याचा निकाल तयार असायचा, आणि तो शिलाईच्या भाषेतच असायचा. "ज्ञानू, पहिला भाग चांगला बेतलाय, पण म्होरं कापड कमी पडणार बघ." आणि पडायचंच. बावीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. त्याचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही. माझे कायम चुकायचे, कारण मला रडारडीचे सगळेच सिनेमे आवडतात.

सिकंदर हा माधवनगरातला टेलर. आता रेडिमेडच्या जमान्यात नवी शिलाई फारशी येत नाही. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, शाळांचे गणवेश, एवढंच काम. पण शिवजयंती किंवा स्नेहसंमेलन जवळ आलं की मावळ्यांच्या अंगरख्यांसाठी निम्मी सांगली त्याच्याकडे येते. अंगरखा शिवावा तर सिकंदरनं, हे सगळे मानतात. मी विश्रामबागच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी केली आणि निवृत्त झालो. बायको म्हणते, तुमची दोघांची सोयरीकच व्हायला हवी होती.

दर शुक्रवारी संध्याकाळचा खेळ बघायचा आणि शनिवारी सकाळी दुकानाबाहेर पाटी लावायची, हा सिकंदरचा नेम. पाटी म्हणजे कापडाच्या ताग्यातला पुठ्ठा. त्यावर कापडावर खुणा करायच्या खडूनं सिनेमाचं नाव आणि खाली निकाल. 'फिटिंग बरोबर.' 'लांबीला जास्त.' 'वरून रेशीम, आत गोणपाट.' एका गाजलेल्या हिरोच्या सिनेमाला त्यानं 'दोन धुण्यांत विरणार' असं लिहिलं होतं, तेव्हा एसटीची वाट बघणारी माणसं पाटी वाचून खो खो हसली होती. कॉलेजच्या पोरी फोटो काढून न्यायच्या. पाटी बघितल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी तिकीट काढायचं नाही.

त्या शुक्रवारी ऐतिहासिक सिनेमा लागला होता. किल्ले, घोडे, तलवारी. थिएटर खच्चून भरलेलं. सुरुवातीपासून घोषणा चाललेल्या. पडद्यावरचे दुष्ट लोक झाडून सगळे एका धाटणीचे होते. डोळ्यांत सुरमा, दाढी, आणि कुणाच्याही तोंडी एक सरळ वाक्य नाही. मी तिरक्या नजरेनं सिकंदरकडे पाहिलं. तो निवांत होता. असले सिनेमे त्यानं पुष्कळ पचवले होते. मला मात्र मध्यंतरापर्यंतच जांभया यायला लागल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

शेवटी आपल्या बाजूचा सेनापती पडतो. संगीत थांबलं. सगळं थिएटर चिडीचूप. कुणीतरी हुंदका दिला. सेनापती कोसळताना त्याच्या अंगरख्याचा घेर उलटला आणि आतली शिवण अख्ख्या पडद्यावर आली. सिकंदरनं माझ्या मांडीवर थाप मारली, "आयला ज्ञानू, इंटरलॉक!" असं पुटपुटला आणि फिस्सकन हसला.

इंटरलॉक म्हणजे कापडाची कड विरू नये म्हणून हल्ली मशीनवर साखळीसारखी शिवण मारतात ती. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीच्या अंगरख्याला ती बघून टेलरला हसू येणारच. पण हे कळायला टेलरच असावं लागतं. बाकीच्यांना एवढंच ऐकू आलं, की सेनापती मेला आणि सिकंदर हसला.

पुढच्या रांगेतली पाच-सहा डोकी वळली. त्यांत जयराज होता, आमच्या गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या शाळेच्या पहिल्या गणवेशापासून सगळे कपडे सिकंदरनंच शिवलेले. त्यानं सिकंदरकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि पुन्हा पडद्याकडे वळला. आम्ही दिवे लागायच्या आत उठलो. थेट माधवनगर गाठलं.

शनिवारी सकाळी मी दुकानात गेलो तर पाटी कोरी. सिकंदर मशीनवर मान खाली घालून बसला होता. त्याची बायको जीनत, एरवी कधी दुकानात न येणारी, दारातल्या स्टुलावर बसून होती.

"भाऊ, सांगा की यांना," ती म्हणाली. "फिटिंग बरोबर, दोन शब्द लिवायचं. काय जातंय? सकाळपास्नं चार जण इचारून गेले, पाटी का न्हाई म्हणून. रात्री कुणीतरी गुरुपवर बी टाकलंय, चाचा हसला म्हणून."

मीही लगेच तिचीच री ओढली. "लिहून टाक की गड्या. एका सिनेमानं काय होतंय?"

सिकंदरनं मशीन थांबवलं. "लांबीला जास्त हाय त्यो सिनेमा. अर्धा तास उसवून काढला तर बरा व्हईल. मला जे वाटलं तेच मी आजवर लिवलं. वाईट वाटला तर वाईट म्हनायचं न्हाई, मग पाटी कशाला लावायची?"

"आजच्या दिवस लावूच नको मग."

"न्हाई लावली तर म्हंतील, राग आला म्हातार्‍याला."

तेही खरंच होतं. लिहिलं तरी पंचाईत, न लिहिलं तरी पंचाईत. आम्ही तिघं त्या पुठ्ठ्याकडे बघत बसलो. दहाच्या सुमाराला मोटारसायकली थांबल्या. जयराज आणि चौघे. इतर दिवशी पोरं दुकानात चपला काढून यायची, कापड मळू नये म्हणून. त्या दिवशी तसेच आत आले.

"चाचा," जयराज म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "काल तुमी का हसला?"

"बस की आदी."

"बसायला न्हाई आलो. पोरं तापल्यात, मी थांबवून धरलंय. का हसला तेवढं सांगा."

सिकंदरनं सांगितलं. अंगरखा, घेर, इंटरलॉक, सगळं. एक जुना अंगरखा काढून हातशिलाई दाखवली, शेजारी शाळेची पँट उलटी करून मशीनची शिवण दाखवली. समजावणं अगदी शिस्तीत. मागे उभा असलेला एकजण म्हणाला, "शिवण बघून हसतंय व्हय कोण? शेंबडं पोर तरी इश्वास ठेवंल का?"

जयराजला काय वाटत होतं ते मला कळेना. तो त्या पँटीच्या शिवणीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "नाना, तुमी शेजारीच होता. चाचा म्हंत्यात तसंच झालं का? तुमाला बोलले का ते काय?"

मला फक्त "व्हय" म्हणायचं होतं. एक शब्द. मी गावच्या पाटलाच्या घरातला, माझं बोलणं कुणी खोटं पाडलं नसतं. पण ती पाच तोंडं माझ्याकडे बघत होती. व्हय म्हणालो की मीही हसण्यात सामील, ग्रुपवर माझंही नाव, घरी बायको, सून, नातवंडं. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. माझ्या तोंडून निघालं, "मला काय ठावं? माझा डोळा लागला होता."

जीनतनं मान खाली घातली. सिकंदरनं माझ्याकडे बघितलं नाही. त्यानं पुठ्ठा ओढला, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फिटिंग एकदम बरोबर. सर्वांनी बघावा.' मग स्वतः उठून बाहेर लावून आला. पोरांनी पाटीचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला. जयराज जाताना म्हणाला, "चाचा, राग नका धरू. पोरं म्हंजे कशी असत्यात." आणि खरंच पुढे काहीही झालं नाही. दुकान चालू राहिलं. पुढच्या शिवजयंतीचे अंगरखेसुद्धा त्याच्याचकडे आले.

पाटी मात्र बदलली. दर शनिवारी लागायची, पण सगळेच सिनेमे 'फिटिंग बरोबर'. महिन्याभरात लोकांनी वाचायचं सोडलं. शुक्रवारी मी बोलवायला गेलो की सिकंदर म्हणायचा, काम हाय रं, तू जा. सिनेमा न बघताच तो निकाल लिहायचा.

माझं मन मला खात होतं. दोन-अडीच महिन्यांनी एसटी स्टँडवर जयराज भेटला, तेव्हा मी धीर करून बोललो. "जयराज, त्या दिवशी मी खोटं बोललो. मी जागा होतो. सिकंदर इंटरलॉक बघूनच हसला. आणि सिनेमा मलाबी आवडला नव्हता."

मला वाटलं होतं, चिडेल. तो हसला. "आवं नाना, मलाबी दुसरा भाग लय ताणल्यावानी वाटला. अर्धा तास कापाय पायजे हुता." एवढं बोलून त्यानं गाडीला किक मारली. वर म्हणाला, "चाचाला सांगा, मनात काय ठेवू नका म्हनावं."

मी तसाच तडक दुकानात गेलो. स्टँडवरचं सगळं सांगितलं. तुझंच म्हणणं तोही बोलला, सिनेमा अर्धा तास जास्त झाला. मी चुकलो, मला माफ कर, तेही बोललो. आता तो शिव्या घालेल, निदान खडू फेकून मारेल, असं मला वाटत होतं. मला तेच हवं होतं.

सिकंदरनं सुईत दोरा ओवला. हल्ली जयराज दुकानात आला की करायचा, तसलाच हसरा चेहरा करून त्यानं माझ्याकडे बघितलं.

"कंच्या सिनेमाचं म्हंताय, ज्ञानूसाहेब?" तो म्हणाला. "त्यो व्हय? चांगला हुता की. लय चांगला हुता."