सड्यावर चालेल असा ट्रॅक्टर

"ता ठीक हाय वो, पन उतारावर काय करील ह्यो?"

असं म्हणत काकी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारायच्या, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत पुढच्या ट्रॅक्टरपाशी पोचलेल्या असायच्या.

देवरूखच्या बाजाराबाहेर ट्रॅक्टरचं दुकान आहे, तिथे मी विक्रीचं काम करतो. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक आधी बसतं, चहा घेतं, गावचा कोण कुठला ते निघतं, मग हळूच ट्रॅक्टरकडे वळतं. काकी कधी बसल्या नाहीत. खुर्ची पुढे केली की तिच्यावर पिशवी ठेवायच्या. चहाचा कप हातात घेऊनच चालायच्या आणि त्यातला निम्मा आमच्या फरशीवर जायचा. पन्नाशी ओलांडलेली, उंच, सडपातळ बाई. पायात रबरी बूट. एका जागी उभं राहायचं म्हटलं की त्यांना जमिनीचा चटका बसत असावा, असं वाटायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्याशी बोलताना आपली मान दुखते.

त्यांच्या वाडीच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे कातळाचं मोठं पठार. सड्याच्या कडेला थोडी माती असलेली उताराची वरकस जमीन. तिथे भात होत नाही, होतं ते गवत. काकींनी तीच शेती मानली. वर्षानुवर्षं धोंडे वेचून बांधाला लावले, चांगल्या गवताचं बी आणून टाकलं. वाळलेलं गवत गोठेवाले न्यायचे, आंब्याच्या पेट्या भरणारे न्यायचे. मागणीला तोटा नव्हता, कापायला माणसं नव्हती. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. काकींचे यजमानही तिथेच एका सोसायटीत वॉचमन.

"गवात कधी कापताव तेवढ्यावर सगळा हाय," त्या म्हणायच्या. "कापून खाली आनला तर गवात. वर ऱ्हायला तर वनवा."

एकदा त्यांनी वणव्याची गोष्ट सांगितली. तीही चालता चालता, दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावाच्या सड्यावरून आग उतरली ती थेट त्यांच्या गोठ्यावर. म्हैस बाहेर काढली. गाय आत बांधलेली होती. तिचं दावं सोडायला त्या आत शिरल्या आणि छप्पर खाली आलं. लोकांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. "हात लागला होता वो दाव्याला," एवढंच बोलल्या आणि लगेच, "ह्या चाकाची हवा कमी हाय काय?"

तेव्हापासून दिवाळी झाली की त्यांना घरात बसवत नसे. सड्यावर जायचं, आभाळाकडे बघायचं, वाऱ्याचा वास घ्यायचा, परत यायचं, परत जायचं.

ट्रॅक्टरच्या बाबतीत त्यांचं मन दुकानातल्या सगळ्यात मोठ्या, लाल ट्रॅक्टरवर बसलं होतं. कारण सरळ होतं. मोठा ट्रॅक्टर लवकर काम उरकेल, आगीच्या आधी सडा मोकळा होईल.

मी त्यांना आमचा बुटका, चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर दाखवला. गवत कापायचं यंत्र त्याला सहज चालेल, गठ्ठे बांधायचं लहान यंत्रही चालेल. अंग जमिनीलगत, चाकं एकमेकांपासून लांब, म्हणजे उतारावर कलंडायची भीती कमी. आणि वाडीच्या अरुंद रस्त्यातून वळेल.

काकींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं थोरली मुलगी बघायला गेल्यावर धाकटीच पुढे आणावी.

"ह्यो? ह्यो तर जत्रेतला वाटतो."

"काकी, मोठा तुमच्या जमिनीला नको."

"तुमी माजी जमीन बगितलीत?"

बघितली नव्हती. मग ठरलं की दोन्ही ट्रॅक्टर सड्यावर न्यायचे आणि चालवून बघायचे.

आमचा मेकॅनिक मोठा ट्रॅक्टर, मागे ट्रॉली जोडून, घेऊन पुढे निघाला. वाडीच्या वळणावर त्याला मागेपुढे करता करता घाम फुटला. काकी शेजारून चालत होत्या, एक हात मागच्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवून, जणू बैलाला चुचकारत नेतायत. वर चढताना सगळं झकास झालं. काकींनी माझ्याकडे विजयी नजर टाकली. वर ट्रॉलीत गवत भरलं आणि उतरायला सुरुवात केली.

वाळलेलं गवत कातळावर तेलासारखं असतं. अर्ध्या उतारावर ट्रॉलीनं मागून रेटा दिला. चाकं थांबली, पण ट्रॅक्टर थांबला नाही, घसरतच राहिला. मेकॅनिक ब्रेकवर जवळजवळ उभाच होता. समोर बांध होता, बांधाखाली कुणाचं तरी घर. नशिबानं पुढचं चाक बांधाच्या धोंड्यांत अडकलं आणि सगळं धाडकन थांबलं.

काकींचा हात अजून पत्र्यावरच होता. तेवढं अंतर त्या त्याच्याबरोबर पळाल्या होत्या.

"काकी, हात सोडायचा होता!" मी ओरडलो.

"सोडून कसा चालंल? तो वर बसलाय ना!" मेकॅनिककडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. मग दम खाऊन, "तुमचा जत्रेतला आना बगू."

बुटका ट्रॅक्टर कमी गवत घेऊन, हळू हळू, पण न घसरता खाली आला. काकींनी त्याला तीनदा वरखाली करायला लावलं. चौथ्यांदा मेकॅनिकनं हात जोडले.

घेतला तोच. पण चालवणार कोण? माणूस ठेवला तर तो शिमग्याला पळणार, असा काकींचा हिशेब. त्या स्वतः शिकल्या. मेकॅनिक शिकवायला जायचा आणि आल्यावर निमूट बसून राहायचा. क्लच सोडायची त्यांना भारी घाई. यजमानांचा मुंबईहून फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"या वयात ट्रॅक्टर? लोक काय म्हणतील?"

"लोकं म्हनतात, काकी, आमचा पन गवात कापून द्या," काकी म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या वर्षीच्या माघात सर्व्हिसिंगसाठी मी आणि मेकॅनिक वाडीत गेलो होतो. दुपारची वेळ. काकींचं गवत कापून झालं होतं, गठ्ठे सड्यावर रचलेले होते, आणि त्या ट्रॉली भरून ते खाली आणायच्या बेतात होत्या. एवढ्यात काकींची जाऊ धावत आली. "वनवा! पलीकडच्या सड्यावरना येतोय!"

धूर दिसत होताच. वारा आमच्याच बाजूचा. काकींची जमीन मोकळी होती, पण तिच्या आणि वाडीच्या मध्ये मुंबईला गेलेल्यांच्या पडीक जमिनी, त्यात कमरेएवढं वाळलेलं गवत. आग तिकडून वळून घरांवर येणार हे उघड होतं.

ट्रॉलीला जोडलेला ट्रॅक्टर समोर होता. दोन फेऱ्यांत निम्मे गठ्ठे तरी वाचले असते. काकींनी एकदा गठ्ठ्यांकडे पाहिलं.

"ट्रॉली सोडा," त्या मेकॅनिकला म्हणाल्या. "कापायचा यंत्र लावा."

"काकी, धोंड्याला पातं लागलं तर तिथंच ठिणगी पडेल."

"म्हनून बायका मागनं येतील. लावा!"

आम्ही घाईघाईनं यंत्र जोडलं. काकी सीटवर चढल्या. आणि मी पहिल्यांदा पाहिलं, ती बाई एका जागी बसली होती. पाठ ताठ, डोळे समोर, क्लच असा अलगद सोडला की मेकॅनिकनं माझ्याकडे वळून पाहिलं. पडीक गवतातून त्यांनी घरांच्या वरच्या अंगानं एक पट्टा कापला. वळल्या, शेजारी दुसरा कापला, मग तिसरा. मागून जाऊ आणि वाडीतल्या बायका कापलेलं गवत ओढून बाजूला करत होत्या, ओल्या डहाळ्यांनी ठिणग्या झोडपत होत्या. आम्हीही त्यांच्यात होतो. धुरानं काही दिसेनासं झालं तरी इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता.

आग पट्ट्यापर्यंत आली. एके ठिकाणी ओलांडलीही, पण बायकांनी ती झोडपून मारली. बाकी सगळीकडे ती कापलेल्या जागेवर घुटमळली आणि विझत गेली. एकही घर गेलं नाही. एकाही गोठ्याला धग लागली नाही.

काकींचे गठ्ठे वर जळत होते. सगळे. त्या ट्रॅक्टरवरून उतरल्या, काळ्याठिक्कर तोंडानं तिकडे बघत उभ्या राहिल्या. जाऊ रडायला लागली, तशा तिच्यावर खेकसल्या, "रडतेस काय? गुरांना पानी दाखव जा!" आणि ती गेल्यावर माझ्याकडे पाठ करून पदर तोंडाला लावला. मी मेकॅनिकला हळूच बाजूला घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात हजर. पातं मोडलं होतं, नवं हवं होतं.

यंदा मात्र काकी नाहीत. पावसाळ्यात यजमानांना लकवा झाला आणि त्या मुंबईला गेल्या, एका खोलीत. जायच्या आधी जावेला त्यांनी ट्रॅक्टर शिकवला. मेकॅनिक म्हणतो, जाऊ बरी चालवते, पण काकींसारखी शिव्या देत नाही, त्यामुळे चुकल्यासारखं वाटतं.

परवा आम्ही सर्व्हिसिंगला वाडीत गेलो. जाऊ गुरांकडे गेली होती. माझा फोन वाजला.

"भाऊ, आलाव काय वाडीत? कसा हाय माजा ट्रॅक्टर?"

"मस्त आहे काकी. काका कसे आहेत?"

"हायत. आता हात हलवतात जरासा. मिया त्यांना खिडकीत बसवते, मंग दारात नेते, मंग परत खिडकीत. ते कंटाळतात." मग म्हणाल्या, "चालू करता काय जरा?"

मी मेकॅनिकला खूण केली. इंजिन सुरू झालं. मी फोन बॉनेटजवळ धरून उभा राहिलो. जरा वेळानं फोन कटला की काय म्हणून मी कानाला लावला, तर त्यांचा श्वास ऐकू आला, सावकाश, शांत. मी फोन परत इंजिनाजवळ नेला.

बऱ्याच वेळानं बारीक आवाज आला. "बास, बास. बंद करा आता. डिझेल जातंय."