उजवीकडचं फूल

शेवंती कारापूरहून सकाळच्या बसने आमच्या आमोण्याला आली तेव्हा मी सोप्यावर बसून पदेराने टाकलेले पाव पिशवीतून काढत होतो. ती न कळवता कधी येत नाही. चप्पल न काढता पायरीवरच बसली आणि म्हणाली, "भाई गेलो, मास्तर." भाई म्हणजे तिचा थोरला भाऊ रोहिदास, माझा पहिलीपासूनचा मित्र. मेक्सिकोतल्या त्याच्या गावात, दुपारी जेवून दारातल्या खुर्चीत बसला होता, तो बसल्या जागीच गेला. तिथल्या शाळेतल्या एका बाईंनी इंग्रजीत फोन केला, तो शेवंतीच्या सुनेने घेतला. अस्थी तिथल्याच नदीत सोडाव्यात, असं तो आधीच लिहून ठेवून गेला होता, आणि तेच शेवंतीला फार लागलं होतं. मी चहा आणला, तो तसाच निवून गेला. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आता आम्ही काय बोलायचं? देवीनेच पाठवला होता त्याला. प्रसाद तुम्हीच लावला होता न्हू?" मी मान हलवली. मान हलवण्यापलीकडे काही करायची माझी हिंमत झाली नाही...

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. रोहिदासाविषयी लिहायला बसलो खरा, पण शेवंतीच्या त्या वाक्याशी येऊन पेन अडतं. तेव्हा सगळं सुरुवातीपासूनच सांगतो.

रोहिदास तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. आधी आमोण्याच्या धक्क्यावर खनिजाच्या बार्जींची इंजिनं दुरुस्त करायचा, मग परदेशी जहाजांवर गेला. मी इथल्याच मराठी शाळेत मास्तर झालो, आणि घरात देवळाची पूजा असल्यामुळे पाळी आली की सोवळं नेसून देवीपुढे उभा राहायचो. तो जग फिरायचा आणि मी शाळा ते देऊळ फिरायचो. सुट्टीवर आला की बॅग घरात टाकून थेट माझ्या सोप्यावर. "भटा, जग पळयलें रे, पण असो सोपो खंय ना," असं दर वेळी म्हणायचा आणि पुढच्या जहाजावर चढायचा. माझी बायको गेली त्याचं दुःख त्याला माझ्याइतकंच झालं, आणि त्याची सुमन गेली तेव्हा तेराव्या दिवसापर्यंत मी त्याच्याच घरी झोपलो. दोघांनाही कौतुक करता येत नाही. एकमेकांना शिव्या देऊन आम्ही साठ वर्षं काढली.

निवृत्तीनंतर तो इथेच राहील, असं मी धरून चाललो होतो. मग एक दिवस तो पेडण्याला गेला. सुमनचं माहेर तेरेखोलच्या वाटेवर. सासरची माणसं कधीच पांगली होती, घर विकलं होतं हे त्याला ठाऊक होतं, पण तिथल्या विहिरीवर सुमनला त्याने पहिल्यांदा पाहिलं होतं, ती विहीर बघून यावी म्हणून गेला. तिथे बाहेरून आलेल्या नव्या मालकांचं उंच कुंपण होतं आणि फाटकावर पहारेकरी. पहारेकऱ्याने हिंदीत विचारलं, "किससे मिलना है?" रोहिदास मला म्हणाला, "भटा, कोणाला भेटायचं आहे? सुमनेला, म्हणू?" तसाच परत आला. आठवड्याने सोप्यावर येऊन म्हणाला: "आपल्याच मुलखात हांव परको जालां. परकोच जावन रावपाचें तर परदेशांत रावतां. थंय निदान लाज दिसची ना."

मी हसण्यावारी नेलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, म्हणे देश बदलतो. पण त्याने मनावर घेतलं होतं. जहाज मेक्सिकोच्या बंदरात लागायचं तेव्हापासून त्याला तो मुलूख आवडला होता. माझ्याकडूनच एक शंभरपानी वही मागून घेतली आणि तिच्यात गावं लिहायला लागला. रोज संध्याकाळी सोप्यावर वही उघडायची, गावाचं नाव, हवा, नदी, दवाखाना, बाजार असं लिहायचं आणि मला वाचून दाखवायचं. मी जन्माचा मास्तर. तांबडं पेन घेऊन शेऱ्याच्या जागी शेरे मारायचो, दहापैकी गुण द्यायचो. "दवाखाना दूर. तीन." "डोंगरावर चढणार कोण, तुझा आजा? दोन." तो चिडायचा, वही हिसकावून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला आणायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा मिळाला आहे, बरं आहे. कुठल्याच गावाला मी पाचाच्या वर जाऊ दिलं नाही, आणि त्यातच आपली जीत आहे असं समजत राहिलो.

मग तो खरोखरच दोन महिने जाऊन बघून आला. आधी एका नावाजलेल्या डोंगरी गावात राहिला, जिथे निवृत्त परदेशी माणसं रांगेने राहतात. रस्ते देखणे, खाणं उत्तम, चौकात सगळे इंग्रजी बोलणारे. चौथ्याच दिवशी त्याने बॅग भरली. "तिथे मला सगळं मिळालं रे," तो सांगत होता, "पण भाजी विकणारी बाई त्या गावची नव्हती. तिला तिथे राहायला परवडत नाही, म्हणून लांबून बसने येते. मला आपलं पेडणें आठवलं. मी त्या कुंपणाच्या आतला माणूस झालो असतो." दुसरं गाव समुद्रकाठचं, तिथेही तेच. तिसऱ्या गावात तो चुकून उतरला. नदीकाठचं साधं गाव, पुस्तकांत नाव नसलेलं. नाव इतकं लांबलचक की मला ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, आमच्या वाड्यावर सगळे त्याला रोहिदासाचं गाव म्हणतात. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून पाववाला येतो, आपल्या पदेरासारखा. चौकात चाफ्याची झाडं, अगदी आपल्या देवळापुढे आहेत तशी. आणि बस स्टँडवर केळीच्या पानात वाफवलेलं मक्याचं काहीतरी विकणारी एक म्हातारी, जे त्याला आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचंच भावंड वाटलं. तिने त्याला एक खायला दिलं आणि पैसे घ्यायच्या आधी विचारलं, तू कोणाचा, आई आहे का, बायको कुठे आहे. तिचं नाव लुपे. हा तिला लुपेबाय म्हणायला लागला.

"दोन महिन्यांत दुसऱ्या कोणी इचारूंक ना, भटा," तो म्हणाला. "तूं कोणालो, हें फकत तिणें इचारलें." वहीत त्या गावापुढे त्याने फारसं काही लिहिलंच नव्हतं. खाली मात्र स्वतःसाठी नेम लिहिले होते... घराला कुंपण घालायचं नाही, मागितला त्यापेक्षा जास्त भाव देऊन सवय बिघडवायची नाही, नमस्कार आधी आपण करायचा, कोणी बस म्हणालं तर बसायचं. मी तांबडं पेन हातात घेतलं आणि पहिल्यांदाच मला शेरा सुचला नाही. मी गुण दिले नाहीत. "उद्या बघू," म्हणालो आणि वही मिटली.

तो तिथेच राहायला जाणार हे कळल्यावर शेवंतीने आकांत केला. शेवटी तिनेच अट घातली, देवीचा प्रसाद घ्यायचा, देवी म्हणेल तसं. गोव्यात अजून लग्न, घर, जमीन, सगळं देवाला विचारून होतं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पिटकोळीच्या फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि हात जोडून थांबायचं. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्या महिन्यात पाळी माझी होती.

आता जे सांगतो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं मी त्या मूर्तीला कळ्या लावल्या, लोकांची लग्नं जुळवली, मोडली, कधी हात वाकडा केला नाही. त्या सकाळी केला. डावीकडची कळी जेमतेम टेकवली, वाऱ्याने पडावी अशी. उजवीकडची मात्र घट्ट बसावी म्हणून भरपूर पाण्यात बुडवली, पुन्हा बोटाने पाणी लावलं, दाबली. मला तो जायला नको होता. तोंडाने मी त्याला शंभर शेरे दिले, पण "जाऊ नको रे, मला तुझ्याशिवाय करमणार नाही" एवढं साधं वाक्य मला म्हणता येत नव्हतं. म्हणून ते देवीकडून म्हणवून घ्यायला निघालो. रोहिदास माझ्या मागे हात जोडून उभा होता, शेवंती खांबाजवळ. मी गाऱ्हाणं घातलं. आवाज नेहमीपेक्षा मोठा काढला, एवढं आठवतं.

आम्ही थांबलो. डावीकडची कळी जागची हलेना. आणि उजवीकडची, जिला मी इतकं पाणी लावलं होतं, ती त्या पाण्यानेच सुटली. आधी थोडी घसरली, मग थेंबासकट खाली आली. शेवंतीने डोळ्याला पदर लावला. रोहिदासाने वाकून नमस्कार केला, कळी उचलली आणि खिशात ठेवली. मी मागे वळून त्याच्याकडे बघू शकलो नाही. देवीने मला शिक्षा केली की माझ्याच अडाणी हाताने घात केला, हे आजही मला ठरवता येत नाही... दोन महिन्यांनी तो मेक्सिकोला गेला.

चार वर्षं तो तिथे राहिला. दर आयतारी सकाळी आठला त्याचा फोन यायचा. तिथे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. "तुझो आयतार म्हज्याकडेन अजून पावंक ना, कसो आसा तो सांग," असं म्हणून सुरुवात करायचा. फोन फिरवून चौक दाखवायचा, नदी दाखवायचा, लुपेबाय हात हलवायची. एकदा सांगितलं, "भटा, आपल्या देवळापुढचो चाफो मूळचो हांगचो, खबर आसा? तो आमच्याकडे आला तेव्हा त्याला कोणी इचारलें, कोणालो म्हण?" मी म्हटलं, झाडाला गुडघेदुखी नसते. तो खूप हसला. सुखी होता. ते मला दिसत होतं, आणि खरं सांगतो, ते बघून कधी कधी माझा जळफळाट व्हायचा.

गेल्या वर्षी एका आयतारी मी धीर केला. म्हटलं, "रोहिदास, त्या दिवशी प्रसाद लावताना..." त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही. "आसूं दी रे तें. हळसांदे कसे आयले ते सांग." मला वाटलं त्याला नीट ऐकू गेलं नाही, आणि दुसऱ्यांदा तोंड उघडायचं बळ माझ्यात नव्हतं. मी हळसांद्यांचं, आमच्या चवळीचं, सांगत बसलो. मग तो गेला, आणि गुन्हा माझ्यापाशीच राहिला. एका म्हाताऱ्याला परमुलखात एकटं मरायला पाठवलं ते देवीने नव्हे, मी, पाण्याच्या एका बोटाने. शेवंतीच्या पायरीवरच्या त्या वाक्यानंतर मला जेवण जाईना.

गेल्या आठवड्यात ती सुनेला बरोबर घेऊन पुन्हा आली, हातात एक पार्सल. लुपेबायने फोन करणाऱ्या त्याच शाळेतल्या बाईंकरवी पाठवलेलं. आत त्याचा चष्मा, सुमनचा फोटो आणि ती शंभरपानी वही. सोबत एक चिठ्ठी होती, सुनेने ती वाचून दाखवली. तो गेल्याचं कळल्यावर सगळा चौक त्याच्या दारात येऊन बसला होता, आणि पुढे नऊ दिवस लुपेबायच्या घरी त्याच्या नावाने प्रार्थना झाली. चिठ्ठीची घडी घालत शेवंती म्हणाली, "म्हणजे भाई एकटो नव्हतो." तिने वही माझ्या हातात दिली. "ही तुमची, मास्तर. तुमचेच शेरे आहेत तिच्यात."

त्या दोघी गेल्यावर मी सोप्यावर, त्याच्या जागेवर बसून वही चाळली. तांबड्या शाईचे माझे शहाणपणाचे शेरे, तीन, दोन, चार... नदीकाठच्या गावाचं पान, त्याचे नेम, आणि गुणांची रिकामी जागा. ते पान उलटलं तर मागच्या बाजूला एक सुकलेली, काळी पडलेली कळी चिकटवलेली होती. तिच्याखाली प्रसादाच्या दिवसाची तारीख आणि त्याच्या तिरप्या अक्षरात तीन ओळी:

"भटाने उजवीकडचं फूल फार ओलं केलं. त्याला मी जायला नको आहे. हे तिथे गेल्यावर विसरायचं नाही."

घरात जाऊन मी तांबडं पेन शोधून काढलं. शाई सुकली होती, दोनदा झटकावं लागलं. त्या ओळींपुढे समासात एक खूण केली, मुलांच्या वह्यांत करायचो तशी, आणि लिहिलं, "बरोबर."